गुरुजींच्या घरचं नोटेशन: आर्वी तालुक्यातला एक संग्रह

शाळेत चालीवर म्हटल्या जायच्या त्या कविता, भजनांच्या चाली, संगीत नाटकांतली पदं, यांचं जुनं नोटेशन, म्हणजे स्वरांत लिहून ठेवलेली चाल, कुणाला हवं असेल तर वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका शिक्षक कुटुंबाच्या घरी जाऊन यावं, असं मी मनापासून सांगते. मी पुलगावच्या बाजूच्या एका गावात मुलांना पेटी आणि गाणं शिकवते. त्यांना गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसवते, गणपतीत आणि तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला त्यांच्याकडून गाऊन घेते. हा अभिप्राय मी त्याच नजरेने लिहिते आहे: मुलांपुढे उद्या काय ठेवायचं, या काळजीने. घरच्यांनी नाव-पत्ता कुठे देऊ नका अशी विनंती केली, म्हणून तो इथे देत नाही. आर्वी-पुलगाव पट्ट्यातल्या कुठल्याही भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला विचारा, तो घर सांगेल.

घरात तीन पिढ्या शिक्षकांच्या झाल्या. आजोबा प्राथमिक शाळेत होते. त्यांचे चिरंजीव हायस्कुलात मराठी आणि संगीत शिकवायचे, गावात अजून त्यांचा उल्लेख ‘मोठे गुरुजी’ असाच होतो. त्यांची मुलगी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, मीही तेच म्हणते. तिघांनी जमवलेलं आणि लिहिलेलं सगळं एका सागवानी कपाटात आणि दोन लोखंडी पेट्यांत आहे. छापील पुस्तकं, नाटकांच्या पद्यावल्या, भजनांच्या पुस्तिका, मासिकांचे बांधलेले गठ्ठे, शाळेत वाटलेले सायक्लोस्टाइलचे कागद आणि हाताने लिहिलेल्या वह्या. दारावर बोर्ड नाही, पावती पुस्तक नाही. आपण काय हवं ते सांगायचं, बाई शोधतात, त्यांचा पुतण्या पानाची प्रत काढून देतो. आणि मग बाई पेटीवर बसतात आणि ते पान वाचून दाखवतात. या शेवटच्या गोष्टीसाठी जायचं. कागद पुष्कळांकडे असतात, वाचून देणारं माणूस मिळत नाही.

छापील पुस्तकांसाठी मात्र एवढ्या लांब जाऊ नका. पंडित भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहाही भाग आजही विकत मिळतात, जुन्या आवृत्त्या इंटरनेटवरही आहेत. पहिल्या भागातले यमन, बिलावल, खमाज, भैरव वगैरे दहा राग कुठल्याही क्लासमध्ये सापडतील. हाथरसहून निघणारं ‘संगीत’ मासिक १९३५ साली सुरू झालं. त्याचे जुने अंक इथे पाहताना बरं वाटतं, कारण आपल्याकडे विदर्भात हिंदी वाचायची सवय घराघरांत, आणि हे अंक वाचूनच इथल्या खेड्यापाड्यांतले कितीतरी मास्तर शिकले. अंकांच्या वेष्टनांवर व्ही.पी.चे, म्हणजे पैसे भरून सोडवायच्या टपालाचे, शिक्के आहेत. पुलगावपर्यंत मोठी गाडी आणि तिथून आर्वीपर्यंत शकुंतला ही छोटी रेल्वे, असा त्यांचा प्रवास व्हायचा, असं बाई सांगतात. आता शकुंतलाही बंद पडली. पण या अंकांतला मजकूर दुसरीकडे मिळतो. जे दुसरीकडे मिळत नाही त्याबद्दल बोलते.

भजनाची जुनी पुस्तकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ठाऊक असेल की पदाच्या डोक्यावर ‘तर्ज’ किंवा ‘चाल’ असं लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याची पहिली ओळ दिलेली असते. तुकडोजी महाराजांच्या भजनांत हे नेहमीचं. नाटकाच्या पुस्तकांतही तेच. किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल १८८० सालचं, तेव्हापासून पदावर चाल सांगायची ही रीत नाटकांत चालत आली. ज्या काळात पुस्तक निघालं त्या काळच्या वाचकाला ती चाल तोंडपाठ असायची, म्हणून तेवढं पुरायचं. आज आपल्यापुढे पद आहे, चालीचं नाव आहे, आणि ती चाल कुणालाच येत नाही. तर्ज एखाद्या सिनेमागीताची असेल तर मोबाइलवर सापडते. पण ती देवीच्या गोंधळातली असेल, शाहिरांच्या कलगी-तुऱ्याची असेल, जात्यावरची असेल, किंवा दुसऱ्या कुठल्यातरी भजनाची असेल आणि त्या भजनावर परत तिसऱ्याच गाण्याची तर्ज लिहिलेली असेल, तर माणूस थांबतो. मंडळात मग कुणीतरी आपल्या मनाने चाल लावतो आणि पुढच्या वर्षी तीच जुनी म्हणून चालते.

आजोबांनी आणि मोठ्या गुरुजींनी या चाली स्वरांत उतरवून ठेवल्या. मला हे या संग्रहातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. वर्धा नदीपलीकडे गुरुकुंज मोझरी, आश्रम १९३५ सालचा. तिथे पुण्यतिथीला, यात्रेला जाऊन आले की मोठे गुरुजी ऐकलेली चाल त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी वहीत लिहायचे, असं बाई सांगतात. वहीत प्रत्येक भजनाखाली गाव, तिथी आणि ‘खंजिरी’ किंवा ‘पेटी-तबला’ अशी नोंद आहे. एखाद्या चालीच्या दोन गावच्या दोन तऱ्हा असतील तर दोन्ही लिहिल्या आहेत, एकीला खोटं ठरवलेलं नाही. जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे ध्रुवपद आणि एखाद-दोन कडवी एवढंच ध्वनिमुद्रण आपल्यापर्यंत आलं. या वह्यांत तिसरं, चौथं कडवं कुठे वर चढतं, कुठे ओळ लांब झाल्याने स्वर वाढवावे लागतात, तेही आहे. मंडळात गाणाऱ्याला त्याचीच गरज असते.

दुसरी एक वही मी कधीही पाहत बसू शकते. तिच्या पुठ्ठ्यावर जनपद सभेचा शिक्का आहे, म्हणजे जिल्हा परिषद यायच्या आधीची. वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत शाळा तेव्हा जनपद सभांकडे होत्या. या वहीत वृत्तांच्या चाली आहेत. पूर्वी शाळेत कविता वाचायची नसे, म्हणायची असे, आणि प्रत्येक वृत्ताची चाल ठरलेली असे. चार य गणांचं बारा अक्षरी भुजंगप्रयात, चार-सहा-सात अशी थांबत जाणारी सतरा अक्षरी मंदाक्रांता, एकोणीस मात्रांची दिंडी, अठ्ठावीस मात्रांची साकी, शिवाय ओवी, आर्या, अभंग. प्रत्येकीचं एका ओळीचं नोटेशन आणि त्याखाली त्या चालीत बसणाऱ्या पाठ्यपुस्तकातल्या कवितांची नावं. मंदाक्रांतेच्या तर दोन चाली दिल्या आहेत, एक म्हणायला सोपी आणि दुसऱ्या चालीवर ‘फक्त सातवीला’ असं लिहिलेलं. गीताई १९३२ साली छापून आली आणि विनोबा तर वर्ध्याचेच झाले, त्यामुळे या भागातल्या शाळांत ती म्हणवून घेत. तिचा एक अध्याय मुलांनी कोणत्या स्वरांत म्हणायचा, श्वास कुठे घ्यायचा, हेही या वहीत आहे. माझ्याकडच्या सहावी-सातवीच्या मुलांना मी दिंडी आणि साकी इथून घेऊन शिकवल्या. मात्रा मोजायला शिकवायच्या म्हणजे फळ्यावर आकडे लिहा, बोटं मोडा, तरी मुलांचा गोंधळ होतो. चालीवर म्हणायला लागली की आपोआप एकोणिसाव्या मात्रेवर येऊन थांबतात.

आता नोटेशन वाचण्याबद्दल, कारण इथेच लोक फसतात. आजोबा पलुस्करांच्या परंपरेतल्या एका शिक्षकाकडे शिकले होते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्यांची स्वरलिपी त्यांच्या शिष्यांनी देशभर नेली. मोठे गुरुजी मात्र भातखंडे पद्धतीत शिकले. म्हणून एकाच कपाटात दोन लिप्या आहेत, आणि दोघींत चिन्हं तीच, अर्थ वेगळे. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. भातखंड्यांकडे स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, उतरवलेला स्वर. पलुस्करांकडे स्वराखाली आडवी रेघ म्हणजे एक मात्रा. भातखंड्यांकडे शून्य म्हणजे ‘खाली’, तालातली टाळी न देण्याची जागा, पलुस्करांकडे स्वराखाली शून्य म्हणजे अर्धी मात्रा, आणि खालीला अधिकचं चिन्ह. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, एकाकडे फुली, दुसऱ्याकडे एकचा आकडा. आता विचार करा, आजोबांच्या वहीतल्या साध्या बिलावलच्या पानाचा फोटो कुणी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि आजच्या परीक्षा दिलेल्या मुलाने तो वाचला, तर त्याला एकेका मात्रेचे शुद्ध स्वर कोमल दिसणार आणि मंद्रातला धैवत तो तार सप्तकात घेणार. पान बरोबर, मुलगाही हुशार, आणि तरी गाणं भलतंच.

बाईंना हे माहीत आहे, म्हणून कपाट उघडण्याआधी त्या विचारतात, “तुम्ही कोणत्या पद्धतीत शिकल्या?” आणि प्रत देताना वर एक चिठ्ठी लावतात, पलुस्कर की भातखंडे. मागितलं तर आजोबांचं पान भातखंडे पद्धतीत उतरवूनही देतात. त्याला वेळ लागतो, लगेच मिळत नाही, पण अक्षर इतकं सुंदर आणि मात्रांचे घर इतके सरळ रेषेत की मी ती पानं फाइलला लावून ठेवली आहेत. अशी सोय मी नागपूर-अमरावतीच्या दुकानांतही पाहिली नाही.

एक पान जवळून सांगते, म्हणजे हा संग्रह कशा प्रकारचा आहे ते कळेल. भूप रागातली सरगम, म्हणजे स्वरांच्या नावांनीच गायची रचना, तीनताल, वर ‘पाचवी-सहावी’ असं लिहिलेलं. दौत-टाकाने काळ्या शाईत सोळा मात्रांचे चार खण पाडले आहेत, मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतो. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण शाईच्या भोवती पेन्सिलने आणि नंतरच्या वर्षांत निळ्या, जांभळ्या पेनाने मोठ्या गुरुजींनी लिहीत नेलं आहे. अस्थायीच्या, म्हणजे पहिल्या भागाच्या, दुसऱ्या ओळीपाशी: ‘ध वर थांबू देऊ नये, देसकार होतो.’ भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच, फरक एवढाच की भूपाचा जीव गंधारावर आणि देसकाराचा धैवतावर. हे मुलांना समजावून सांगायला आपण किती बोलतो, आणि त्यांनी ते एका ओळीत, नेमक्या मात्रेच्या वर लिहून ठेवलं. अंतऱ्यापाशी, म्हणजे दुसऱ्या भागापाशी: ‘तार साला पाचवी ओरडते, पांढरी तीन घ्यावी.’ आधी तिथे काळी चार ही पेटीवरची वरची पट्टी लिहिली होती, ती खोडली आहे. आणि समासात एका कोपऱ्यात: ‘वेचणी सुरू, हजेरी कमी, आज फक्त पलटे.’ कापसाच्या दिवसांत आमच्याकडे आजही मुलं दांडी मारतात, त्या दिवशी नवीन काही शिकवायचं नाही, आलेल्या मुलांकडून पलटे, म्हणजे स्वरांचे ठरलेले सराव, घोटून घ्यायचे. ही शिकवण्याची अक्कल छापील पुस्तकात येत नाही. बंदिशीचं नोटेशन दुसऱ्यांदा मिळेल, गुरुजींची ही पेन्सिल मिळणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत काढताना समास कापू नका, पूर्ण पान घ्या.

कागदाचंही इथे शिकायला मिळतं. सगळ्यात जुन्या काही वह्या सगळ्यात चांगल्या अवस्थेत आहेत. त्या हातकागदाच्या आहेत, वर्ध्याला मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं तेव्हा तिथे हातकागदही होई, तिथून आणलेल्या. कागद जाडाभरडा, टाक अडखळलेला दिसतो, पण पान अजून लवतं. त्याच्या नंतरच्या, युद्धाच्या टंचाईतल्या गिरणी कागदाच्या वह्या तपकिरी पडून कडा झडताहेत. बाई त्या वह्या स्वतःच उलटतात, आपल्या हातात देत नाहीत. मला ते पटतं.

नुकसान झालं ते माणसांच्या हातून जास्त झालं. मासिकांचे गठ्ठे पूर्वी एका बाइंडरकडे बांधायला दिले होते. त्याने कटरखाली तिन्ही बाजू सारख्या केल्या आणि कित्येक पानांची वरची कड इतकी कापली की पहिल्या ओळीच्या डोक्यावरची टिंबं गेली. तार सा की मध्य सा, आता नुसतं पाहून कळत नाही, पुढच्या स्वरावरून ताडावं लागतं. आणि शिवण इतकी घट्ट की आतल्या बाजूची शेवटची मात्रा घडीत अडकते. दुसरं दुखणं लॅमिनेशनचं. कुणी एकाने वापरायला नेलेली काही सुटी पानं चांगल्या भावनेने लॅमिनेट करून परत आणली. प्लास्टिकच्या आत ती पिवळी पडत गेली आहेत आणि आता ते काढता येत नाही, काढायला गेलं की शाई निघून येते. तेव्हापासून या घरातून मूळ पान बाहेर जात नाही. कुणी कितीही ओळखीचं असो. आपल्याकडे जुन्या वह्या असतील त्यांनीही हे लक्षात ठेवावं: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. फाटलेल्या जागी पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ, खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, मुलांच्या हाती लागू देऊ नका. बाई हेच करतात. कपाट भिंतीपासून हातभर लांब आहे, कारण मातीच्या भिंतीतून उधई (वाळवी) आली की लाकूड आणि कागद दोन्ही जातं. खणांत वेखंड आणि कडुनिंबाचा सुकलेला पाला, तो दरवर्षी बदलतात.

आता उणिवा सांगते. सगळ्यात मोठी म्हणजे सूची नाही. काय कुठे आहे ते बाईंच्या डोक्यात आहे. आपण नुसतं “जुनी भजनं दाखवा” म्हणून गेलो तर दिवस जाईल आणि हाती फार काही लागणार नाही. पदाची पहिली ओळ, माहीत असेल तर तर्ज, कुठल्या सणाचं, एवढं आधी फोनवर कळवलं तर बाई पान काढून ठेवतात. पहिल्या ओळीनुसार आणि तर्जेनुसार अशी दुहेरी सूची झाली तर या संग्रहाचा उपयोग दहापट वाढेल. तर्जेची सूची तर फार गरजेची, कारण एका तर्जेवर पाच-सहा भजनं असतात आणि नोटेशन त्यातल्या एकाखालीच लिहिलेलं असतं. बाकीच्या भजनांखाली काहीच नाही म्हणून माणूस निराश होऊन परत जायचा, आणि त्याला हवी ती चाल दोन वह्या सोडून पडलेली.

प्रती मोबाइलने काढून देतात. पुतण्या मन लावून करतो, पान सपाट धरतो, खिडकीच्या उजेडात घेतो, “ताई, फ्लॅश नका मारू जी, शाई उडते,” असं मला पहिल्यांदाच बजावलं. तरी मोबाइलचा फोटो तो मोबाइलचाच. पेन्सिलच्या बारीक खुणा फिक्या येतात, स्वराखालचं टिंब आणि कागदावरचा डाग सारखाच दिसतो. पान समोर असतानाच संशयाच्या जागा विचारून आपल्या वहीत टिपून घ्या. दिवे गेले तर दुपारनंतर त्या खोलीत वाचणं अवघड होतं, सकाळीच पोहोचलेलं बरं.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि इथे माझं बाईंशी पटत नाही. प्रतीचे नावापुरते पैसे घेतात, आणि वाचून देण्याचे, लिप्यंतर करून देण्याचे काहीच सांगत नाहीत. “विद्येचे कायचे पैसे वो,” म्हणून हात जोडतात. मग येणारा कुणी नारळ ठेवतो, कुणी काहीच नाही. एका पानाचं लिप्यंतर म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यात डोळे जातात, आणि त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांनी दर ठरवावा असं मी त्यांना सांगितलं आहे आणि इथेही लिहिते. जोवर ठरवत नाहीत तोवर जाणाऱ्याने आपण होऊन द्यावं. शहरात एका तासाच्या शिकवणीला जे देतो त्यापेक्षा कमी देऊ नये. पैसे हातात घेत नसतील तर पेटीच्या भात्याचं काम, हातकागद, कपाटाला नवीन पत्रा, अशा गोष्टी कामी येतात. भाऊ, म्हणजे बाईंचे धाकटे बंधू, शेती बघतात, ते या बाबतीत जास्त मोकळेपणाने सांगतात.

वाचून दाखवतात म्हणजे काय, तेही स्पष्ट करते. बाई गायिका नाहीत, तसा दावाही करत नाहीत. आवाज आता थकला आहे. त्या पेटीवर स्वर देतात, हाताने ताल धरतात आणि आपल्याला गायला लावतात. चुकलं की थांबवतात, पानावर बोट ठेवतात, परत म्हणायला लावतात. कागदावर न येणारी गोष्ट, म्हणजे एखाद्या भजनात गंधार किती हलवायचा, ओळीच्या शेवटी मंडळी आवाज कसा सोडतात, हे त्या वडिलांच्या आठवणीवरून सांगतात आणि “हे लिहिलेलं नाही, मला आठवते तसं सांगतो” असं दर वेळी वेगळं करून सांगतात. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्या ‘सांगतो’च म्हणतात. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण जुन्या चाली सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यातले फार थोडे ऐकलेलं आणि जोडलेलं वेगळं ठेवतात. आमच्या मंडळातल्या एका आजींनी त्यांच्याकडे एक चाल ऐकून “आमची अशी नव्हती बाप्पा” म्हटलं, तर बाईंनी लगेच आजींकडून त्यांची चाल म्हणवून घेतली, पुतण्याच्या मोबाइलमध्ये भरली आणि वहीत खाली जागा सोडून गावाचं नाव लिहिलं. म्हणजे तुमच्याकडे घरातली एखादी जुनी चाल असेल तर ती घेऊन जा, ती तिथे लिहिली जाईल.

प्रतींच्या बाबतीत एक नियम ते पाळतात, त्यावरून वाद घालू नये. हाताने लिहिलेल्या पानांची प्रत देतात, पण हक्क चालू असलेल्या छापील पुस्तकाची अख्खी प्रत देत नाहीत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. भातखंडे १९३६ साली गेले, पलुस्कर १९३१ साली, त्यांच्या पुस्तकांना अडचण नाही. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, त्यांच्या रचनांवर २०२८ अखेरपर्यंत हक्क आहे. म्हणून भजनाचं पुस्तक विकत घ्या आणि इथून फक्त चालीचं नोटेशन घ्या, असं बाई सांगतात.

कधी जावं? दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. “पावसाच्या दिसात आमी कपाट उघडतच नाई, पानं चिकटते,” असं भाऊंनीच सांगितलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की कागद इतका कोरडा होतो की वळवताना तडकतो, तेव्हाही जुन्या वह्या काढत नाहीत. रविवारी आणि सुटीच्या दिवशी पुतण्या घरी असतो, प्रती हव्या असतील तर तेव्हाच. वेचणीच्या दिवसांत घर शेतात असतं, फोन न करता गेलात तर कुलूप दिसेल. आर्वीहून एसटी मिळते, पण परतीची शेवटची गाडी विचारून घ्या. जेवायला थांबवतात, नाही म्हणू नका, झुणका-भाकर आणि वर कच्च्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, चटणी, इतकं साधं आणि चांगलं जेवण आहे. सोबत साध्या पेन्सिली न्या, त्या खोलीत शाईचं पेन उघडू देत नाहीत. विद्यार्थी न्यायचे असतील तर एका वेळी दोन, खोली लहान आहे.

आणि ग्रंथालयशास्त्र शिकणारं कुणी वाचत असेल, किंवा कुणाच्या घरात असेल, तर सूचीचं काम करून द्या. बाई तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. त्या पानं उघडून सांगतील, लिहिणारा हात हवा आहे. पहिली ओळ, तर्ज, ताल, पद्धत, वही आणि पान, एवढे सहा रकाने पुरेत. भजनांच्या वह्यांपासून सुरुवात करा, लोक सगळ्यात जास्त त्याच मागतात.